खडू मारला की मुंग्या दुसऱ्याच खोलीतून निघतात. घरातून कायमच्या घालवायच्या कशा?

आधी खडू आणि स्प्रे दोन्ही बंद करा. तुम्ही लिहिलंय की फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, मुंग्या बारीक आणि पिवळट-लाल आहेत, साखरेइतक्याच तुपाच्या भांड्याला लागतात आणि स्विचबोर्डातून निघतात. हे वर्णन फारो मुंगीला अगदी चपखल बसतं. लांबी जेमतेम 2 मिलिमीटर, पोटाचं टोक जरा काळपट. हिला वारूळ लागत नाही. भिंतीतली पोकळी, वायरिंगचा पाइप, चौकटीमागची फट, अगदी कपाटातल्या घडीच्या चादरीसुद्धा चालतात. एका वसाहतीत राण्या अनेक असतात. फवारा बसला की वसाहत फुटते आणि काही कामकरी मुंग्या राणी, अंडी, अळ्या घेऊन पलीकडच्या खोलीत नवा संसार थाटतात. तुम्हाला दिसतंय ते हेच.

तरी एकदा मोबाइलचा कॅमेरा झूम करून खात्री करा. डोकं काळं, पोट आणि पाय जवळजवळ पारदर्शक, चिरडल्यावर खवट खोबऱ्यासारखा वास, अशी असेल तर ती घोस्ट अँट. उपाय तोच, फक्त तिचा ओढा गोडाकडे जास्त. रांग मोडून सैरावैरा पळणाऱ्या लांब पायांच्या काळ्या मुंग्या बहुधा बाहेरून येतात, त्यांची वाट शोधून बुजवली तरी पुष्कळ फरक पडतो. मुंगळे दिसत असतील तर बाल्कनीतल्या जास्वंदीची पानं उलटून पाहा. मावा किंवा पिठ्या ढेकूण असला की त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंगळे येतातच. कडुनिंबाचं तेल फवारून मावा घालवा.

आता मुख्य काम. दिसणाऱ्या मुंग्या मारून उपयोग नाही, विष राणीच्या तोंडापर्यंत पोचायला हवं, तेही सावकाश. औषधाच्या दुकानातून बोरिक पावडर आणा. (कॅरमवर टाकतात ती पावडर बरेचदा हीच असते, पण डबीवर वाचून घ्या. मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातला टाकणखारही चालतो.) 100 मिली कोमट पाण्यात दोन चमचे साखर आणि 1 ग्रॅम बोरिक, म्हणजे छोटा पाव चमचा सपाट, पूर्ण विरघळवा. कापसाचा बोळा त्यात भिजवून बाटलीच्या झाकणात ठेवा आणि झाकण रांगेच्या कडेला सरकवा. जोडीला दाण्याचं कूट, थोडं तूप आणि चिमटीभर बोरिक यांची एक गोळी ठेवा, कारण फारो मुंगी कधी गोडावर असते, कधी स्निग्धावर.

थोड्या वेळाने वाकून बघा. बोळ्याभोवती मुंग्या डोकं आत घालून कडं करून बसतात, पोट टम्म झालं की रांगेने परत जातात. तिथल्या तिथे मरून पडत असतील तर बोरिक जास्त झालंय, पाणी वाढवा. आपल्याकडे हात सैल सुटतो, ‘जरा जास्तच टाकू’ म्हणून, आणि तिथेच सगळं फसतं. पहिल्या दिवशी गर्दी वाढेल. घरातले वैतागतील, तरी ती रांग पुसू द्यायची नाही. ओट्याचा बाकीचा भाग मात्र साबणाच्या पाण्याने पुसा, नाहीतर तुमच्या बोळ्याला शिऱ्याच्या कढईची स्पर्धा. बोळा दोन-तीन दिवसांनी बदला आणि दोन-तीन आठवडे तरी चालू ठेवा.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर झाकण उघडं ठेवू नका. बोरिक पोटात जाणं धोक्याचं आहे. बारीक भोकं पाडलेल्या बंद डबीत ठेवा, वर ‘विष’ लिहा.

हळद, दालचिनी, व्हिनेगर यांनी मुंग्या वाट बदलतात, मरत नाहीत. साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवण्याची आजीची पद्धत त्यापेक्षा भरवशाची.

वळवाच्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले दिसले तर कंबर पाहा. बारीक कंबर आणि पुढचे पंख मोठे, तर मुंगी. जाड कंबर आणि चारही पंख सारखे, तर वाळवी, आणि मग पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा.

शेजारच्या फ्लॅटमध्येही याच मुंग्या असतील तर त्यांनाही याच सुमारास बोळे ठेवायला सांगा, भिंत सामाईक आहे. फटी आणि टाइल्सचे सांधे व्हाइट सिमेंटने बुजवायचे ते सगळ्यात शेवटी, मुंग्या दिसेनाशा झाल्यावर. आधी बुजवलेत तर आतली राणी उपाशी मरत नाही, फक्त तुमच्या बोळ्याकडे यायची वाट बंद होते.