पंप ‘ऑटो’वर आहे का ते आधी बघा: आगीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमची बारा मजली सोसायटी आहे. एजन्सीवाला सहा महिन्यांनी येतो, फॉर्म बी देतो, पैसे घेऊन जातो. मेंबर म्हणतात आग तर कधी लागली नाही, हा खर्च कशाला?

खर्च बंद करू नका, पण नुसता कागद घेऊन गप्पही बसू नका. महाराष्ट्रात आगीचा २००६ चा कायदा आहे, त्यात यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा वापरणाऱ्याची म्हणजे तुमचीच, आणि तसं लायसन्सवाल्या एजन्सीचं सर्टिफिकेट, म्हणजेच हा फॉर्म बी, दर जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन दलाकडे द्यायचं असतं. आता एक काम करा, आजच पंपरूममध्ये जा. पॅनेलवर ऑटो, ऑफ, मॅन्युअल असा फिरवायचा स्विच असतो, तो ऑटोवर हवा. बऱ्याच बिल्डिंगमध्ये तो ऑफवर सापडतो आणि कारण ऐकाल तर हसावं का रडावं कळत नाही. लाइनला कुठेतरी बारीक लीकेज असतं, प्रेशर उतरलं की जॉकी पंप, म्हणजे लाइनमधलं प्रेशर टिकवणारा छोटा पंप, आपोआप सुरू होतो, परत थांबतो, परत सुरू होतो, खालच्या मजल्यावरचे लोक झोपमोड होते म्हणून ओरडतात, मग वॉचमन स्विचच ऑफ करून टाकतो. लीकेज तसंच. वर कुणी घाईघाईने व्हॉल्व्ह फिरवला तर पाण्याला जोरच नाही.

म्हणून पुढच्या वेळी एजन्सीवाला आला की सेक्रेटरीने त्याच्यासोबत गच्चीत जावं, सगळ्यात वरच्या हायड्रंटला (आगीच्या पाण्याच्या नळाला) होज लावायला सांगावं, पाणी सोडावं आणि खाली एक माणूस उभा करून पंप हात न लावता सुरू होतो का बघावं. ते झालं की मगच त्याच्या पैशांचा चेक द्या. आणि हो, मजल्यावरच्या इलेक्ट्रिक डक्टमधली रद्दी, चपलांचे खोके, जुने पंखे बाहेर काढा. डक्ट प्रत्येक स्लॅबला सील केलेला नसला तर धूर क्षणात वर चढतो, आणि आगीत माणसं भाजण्यापेक्षा धुराने जास्त जातात.

प्रश्न: केंद्र सरकार संपूर्ण देशासाठी एकच कडक कायदा का करत नाही?

कारण अग्निशमन हे राज्यांकडे आहे, आणि घटनेच्या बाराव्या अनुसूचीत ते नगरपालिकांच्या कामांत येतं. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ चा भाग ४ अख्खा आगीवर आहे, चांगला आहे, पण राज्याने किंवा पालिकेने आपल्या नियमांत घेतला तरच तो लागू होतो. केंद्राने २०१९ मध्ये राज्यांना मॉडेल बिल, म्हणजे कायद्याचा नमुना मसुदा, पाठवलं, २०२३ मध्ये अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना आणली, त्यातून गाड्या-शिड्या येतील, यायलाच हव्यात. पण मला विचाराल तर कायदा कमी नाहीये, तपासायला जाणारा माणूस कमी आहे. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये १० नवजात बाळं गेली, लगेच राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. ऑडिट म्हणजे फक्त त्रुटींची यादी हो, दुरुस्तीला वेगळं बजेट लागतं, वेगळं टेंडर, आणि फाइल नेमकी तिथेच अडकते.

प्रश्न: मध्यंतरी फोन अचानक भोंग्यासारखा वाजला आणि सरकारी इशाऱ्याचा मेसेज आला. हा फ्रॉड आहे का? सेटिंगमधून बंद करू?

फ्रॉड नाही, बंद तर अजिबात करू नका. याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने ती सिस्टीम बनवली आहे, २०२३ मध्ये देशभर टेस्ट मेसेज आले होते. यात तुमचा नंबर कुणाकडे असावा लागत नाही, त्या भागातल्या टॉवरखाली जेवढे फोन तेवढ्यांवर एकदम जातो, लाइन जाम असली तरी. फक्त धोका कुठे आहे हे आधी कुणाला तरी माहीत असायला हवं. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली ती इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. त्यामुळे डोंगराला नवी भेग दिसली, झाडं किंवा विजेचे खांब कलायला लागले, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं तर फोन वाजायची वाट बघत बसू नका, तिथून निघा आणि ११२ लावा.

प्रश्न: आम्ही गडचिरोलीकडचे. वणवा उपग्रहावरून दिसतो म्हणे, मग दरवर्षी एवढं जंगल का जळतं?

दिसतो ना. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून अलर्ट येतात, साधा नागरिकसुद्धा त्यासाठी नाव नोंदवू शकतो. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच वरून जातो, त्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर साधारण ३७५ मीटरचा, दुसऱ्या उपग्रहाचा तर एक किलोमीटरचा, तेव्हा मेसेज येऊन वनरक्षक नाले-टेकड्या तुडवत पोचेपर्यंत आग पुढे गेलेली असते. आणि लागते कशाने हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मोहफुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला चांगली पालवी यावी म्हणून पेटवतात. पोटाचा प्रश्न आहे, नुसतं दटावून काही होणार नाही. मोहाखाली पाला झाडून बाजूला करा, जमलं तर झाडाखाली नेट बांधा, फुलं स्वच्छ मिळतात आणि भावही बरा येतो. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, फेब्रुवारीच्या मध्याआधी साफ झाल्यात का ते ग्रामसभेत विचारा, आणि धूर दिसला की वन विभागाचा १९२६ फिरवा.