मूळ मॉडर उत्तरच देत नसेल, तर त्याचं मॉडेल आपल्या मॉडमध्ये वापरता येतं का?

तुमचं म्हणणं असं: स्कायरिम या गेमच्या एका जुन्या मॉडमधलं (म्हणजे कुणा खेळणाऱ्यानं, मॉडरनं, गेममध्ये स्वतः घातलेल्या भरीतलं) चिलखत तुम्ही तुमच्या मॉडमध्ये घेतलंत, मूळ मॉडरचं नाव दिलंत, पैसे घेत नाही, त्याला मेसेज केलात तर उत्तर नाही. मग लोक चोरी का म्हणतात?

तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. तरीही ते चिलखत तुम्ही काढावं, असं माझं स्पष्ट मत आहे. श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही, आणि समोरचा गप्प आहे म्हणजे त्याचा होकार आहे असंही नाही.

'गेमच बेथेस्डाचा, मग मॉडरचा हक्क कुठून आला?' असंही तुम्ही विचारलंय. गेमसोबत आलेल्या फाइल्स बेथेस्डाच्या, म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपनीच्या, हे खरंच. पण ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये शून्यापासून उभं केलेलं चिलखत ज्यानं केलं त्याचं. मी स्वतः टेक्श्चर, म्हणजे मॉडेलवरचे रंग-पोत, करते. यूव्ही उलगडायचं, म्हणजे रंगवण्यासाठी मॉडेलचा पृष्ठभाग सपाट पसरायचा, पट्टा घासून धातू कुठे झिजेल ते रंगवायचं, उजेडात बारीक उंचसखलपणा दिसावा म्हणून नॉर्मल मॅप बेक करायचा. मग पात्रानं हात वर केला की खांद्याशी मेश, म्हणजे मॉडेलची जाळी, फाटतो, म्हणून कुठला भाग हाडासोबत किती हलेल ते ठरवणारे वेट्स पुन्हा रंगवत बसायचं. एवढं करून कुणी ते फुकट वाटलं, तर ते बेवारस होत नाही. उलट अशा माणसाला विचारणं हेच त्याचं मोल.

आणि बेथेस्डाच्या फाइल्सही कुठूनही कुठेही नेता येत नाहीत. ऑब्लिव्हियन या आधीच्या गेममधली मॉडेल्स उचलून स्कायरिमच्या मॉडमध्ये वाटायला बंदी आहे, दोन्ही गेम एकाच कंपनीचे असूनही. म्हणूनच ऑब्लिव्हियन स्कायरिममध्ये पुन्हा उभं करणाऱ्या स्कायब्लिव्हियन या मॉडची मंडळी वर्षानुवर्षं सगळं नव्यानं घडवत आली.

आता करायचं काय? नेक्सस या मॉड्सच्या साइटवर त्या मॉडच्या पानावर 'परमिशन्स अँड क्रेडिट्स' उघडा. दुसरीकडे अपलोड करणं, फाइलमध्ये बदल, दुसऱ्या गेमसाठी रूपांतर, अ‍ॅसेटचा (मॉडेल, टेक्श्चर अशा साहित्याचा) वापर, विकत मिळणाऱ्या मॉडमध्ये वापर, या सगळ्यांची उत्तरं तिथे वेगवेगळी असतात. एकाला हो असेल म्हणून दुसऱ्यालाही असेल असं धरू नका. काही जण खाली स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवतात की मी अमुक काळ उत्तर दिलं नाही तर खुशाल वापरा. तसं असेल तर तुमचा प्रश्न तिथेच मिटला.

नसेल, तर ते मॉड आवश्यक म्हणून दाखवा. तुमच्या ईएसपीमध्ये, म्हणजे मॉडच्या नोंदी ठेवणाऱ्या फाइलमध्ये, चिलखताच्या नोंदीत फक्त मेशचा पत्ता राहू द्या. निफ (मॉडेलच्या) आणि डीडीएस (टेक्श्चरच्या) फाइल्स तुमच्या झिपमध्ये नकोत. खेळणारा मूळ मॉड स्वतः उतरवून घेईल. त्याला एक डाउनलोड जास्त पडेल, पण मूळ मॉडरचं काम त्याच्याच पानावर राहील.

पैसे घेत नाही हा मुद्दा मात्र हलका नाही. एप्रिल २०१५मध्ये स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर स्कायरिमची मॉड्स विकायला सुरुवात झाली, तेव्हा मासेमारीचं एक मॉड दुसऱ्याच्या अ‍ॅनिमेशनच्या कामावर उभं असल्यावरून वाद पेटला आणि ते लगेच विक्रीतून काढावं लागलं. काही दिवसांत ती योजनाच गुंडाळली गेली. त्यामुळे पुढेमागे देणगीचं बटण लावायचा विचार असेल, तर मूळ मॉडरला पाठवायच्या मेसेजमध्ये तेही आत्ताच लिहा, आणि कुठली फाइल, कशासाठी, काय बदल करणार, हेही.