प्रो बॉक्सिंगमध्ये रिंगजवळ बसून फोटो काढायचे असतील तर काय यावं लागतं?

तुम्ही विचारलंय की कोल्हापुरात कुस्तीच्या मैदानांचे फोटो बरीच वर्षं काढताय, आता व्यावसायिक बॉक्सिंगच्या रिंगजवळ काम करायचंय, तर कॅमेरा कोणता घ्यावा आणि हे काम प्रत्यक्षात कसं असतं. मी मूळचा साताऱ्याचा. लंडनमध्ये राहतो आणि इथल्या छोट्या हॉलमधल्या प्रो लढतींचे फोटो काढतो, म्हणून उत्तर देतोय.

कॅमेऱ्याचं आधी उरकतो. हल्लीचा कुठलाही बरा फुल-फ्रेम कॅमेरा चालेल. लेन्स मात्र भरपूर उजेड आत घेणारी, एफ २.८ ची हवी, कारण छोट्या हॉलमध्ये उजेड बेताचा असतो आणि फ्लॅश मारायचा नसतो. शटर मी सेकंदाच्या हजाराव्या हिश्शापेक्षा मंद ठेवत नाही. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, ३२०० वर जावो की ६४०० वर, जाऊ देतो. २४-७० मिलिमीटरची झूम ही मुख्य लेन्स, आणि समोरच्या कोपऱ्यासाठी दुसऱ्या कॅमेऱ्यावर ७०-२००. वर एलईडी दिवे असतील तर अँटी-फ्लिकर चालू ठेवा, नाहीतर एका फ्रेममध्ये चेहरा पिवळा येतो आणि पुढच्या फ्रेममध्ये काळपट. लेन्स पुसायचं फडकं खिशात नको, मांडीवर हवं. घाम, पाणी आणि कधीकधी रक्तही काचेवर उडतं. झालं, कॅमेऱ्याबद्दल एवढंच. खरा अभ्यास बॉक्सिंगचा करावा लागतो.

कुस्तीच्या मैदानात तुम्ही पैलवानांबरोबर हौदाभोवती फिरू शकता. रिंगजवळ तुम्हाला एक जागा मिळते आणि रात्रभर तीच. दोन-अडीच फूट रुंदीची जागा, शेजारी दुसऱ्या फोटोग्राफरचा खांदा, मागे महागडं तिकीट काढून बसलेला प्रेक्षक. उठून उभं राहायचं नाही. कोपरं रिंगच्या जमिनीवरच्या कॅनव्हासच्या कडेवर टेकवायची आणि लेन्स सर्वांत खालच्या दोराच्या वरून किंवा खालून आत न्यायची. दोर चार असतात आणि ते फाकू नयेत म्हणून प्रत्येक बाजूला मधे मधे उभ्या पट्ट्या बांधलेल्या असतात. जागा निवडायची मुभा असेल तर पट्टीसमोर बसू नका. आणि ऑटोफोकस दोरावर जाऊन चिकटतो, म्हणून फोकसचं बटण शटरपासून वेगळं करून मागे अंगठ्यावर घ्या.

जागेचं नशीब केवढं असतं ते एका फोटोवरून कळतं. २५ मे १९६५ ला अमेरिकेतल्या मेन राज्यात, लुइस्टन गावी मुहम्मद अली आणि सनी लिस्टन यांची लढत पहिल्याच फेरीत संपली. खाली पडलेला लिस्टन आणि त्याच्यावर हात आवळून ओरडणारा अली, हा नील लायफर या फोटोग्राफरचा रंगीत फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. लायफर तेव्हा २२ वर्षांचा होता. त्या फोटोत अलीच्या पायांमधून पलीकडच्या बाजूचा एक फोटोग्राफर दिसतो. तो हर्ब शार्फमन, लायफरच्याच मासिकासाठी काम करणारा अनुभवी माणूस. त्याच्या वाट्याला अलीची पाठ आली. पण नशिबाइतकाच दुसरा भागही महत्त्वाचा आहे. लायफरचे फ्लॅश रिंगच्या वर टांगलेले होते आणि एकदा उडाले की पुन्हा चार्ज व्हायला काही सेकंद लागत. म्हणजे त्या क्षणाला त्याच्या हातात एकच फ्रेम होती, आणि ती कधी घ्यायची हे त्याला आधीच ठाऊक असायला हवं होतं.

आता तुम्ही म्हणाल, आजचे कॅमेरे सेकंदाला २० फ्रेम घेतात, मग काय अडचण? हिशोब करून पाहा. हजारांश सेकंदाच्या २० फ्रेम म्हणजे एका सेकंदातले जेमतेम दोन टक्के तुमच्याकडे आले. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के दोन फ्रेमच्या मधे निसटले. ग्लोव्ह गालाला भिडलेला असतो तो वेळ सेकंदाच्या काही शंभरांशांइतकाच. शिवाय डोळ्यांनी पाहून बोट दाबेपर्यंत जवळजवळ पाव सेकंद जातो. डोळ्यांना ठोसा दिसला म्हणजे तो फोटो गेला. म्हणून ठोसा सुटण्याआधी बटण दाबावं लागतं, आणि त्यासाठी तो कधी सुटणार हे कळावं लागतं. या कामात मला सगळ्यांत जास्त आवडतं ते हेच.

ते कशावरून कळतं? पायांवरून. उजव्या हाताचा सरळ ठोसा यायचा असेल तर मागच्या पायाची टाच आधी उचलली जाते. डावा हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, यायच्या आधी वजन डाव्या पायावर येतं आणि खांदा किंचित खाली जातो. बहुतेक बॉक्सरना सवयी असतात: दोन जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे झटपट सरळ ठोसे, आणि मग उजवा, किंवा पोटात मारून लगेच वर. पहिल्या फेरीत मी फार कमी फोटो काढतो, सवयी पाहतो. दोन्ही डोळे उघडे ठेवतो. कानही लावतो, कारण कोपऱ्यातून ट्रेनर ओरडत असतो आणि चांगला बॉक्सर त्याचं ऐकतो. तो 'बॉडी' म्हणाला की मी फ्रेम थोडी खाली घेतो. ठोसा मारताना बॉक्सर दातांमधून फस्सकन श्वास सोडतो, त्याचीही एक लय असते आणि ती दोन-तीन फेऱ्यांत तुमच्या बोटात उतरते.

उभं राहण्याच्या पद्धतीकडेही लक्ष हवं. दोघेही उजवे असतील तर एका बाजूने नेहमी एकाची छाती दिसते आणि दुसऱ्याची पाठ. एक उजवा आणि एक डावखुरा असेल तर दोघांच्या छात्या एकाच दिशेला उघडतात. त्या बाजूला बसलेल्याला दोन्ही चेहरे मिळतात, पलीकडच्याला दोन पाठी. ते फिरत राहतात म्हणून प्रत्येक बाजूची पाळी येते, पण कधी येणार याचा अंदाज हवा. लढतीच्या आदल्या दिवशी बॉक्सरांचं वजन होतं, तिथे जा. दोघांची उंची, हातांची लांबी, कोण डावखुरा, हे वहीत लिहून घ्या. नावांचं स्पेलिंगही तिथेच पक्कं करा, कारण लढतीच्या रात्री दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात फोटो निवडून, फोटोखालच्या ओळी लिहून पाठवायचे असतात.

ते एक मिनिट मात्र सगळंच फोटो पाठवण्यात घालवू नका. माझे स्वतःचे सर्वांत आवडते फोटो त्याच मिनिटातले आहेत. घंटा वाजते, स्टूल आत सरकतं, बादली येते. बॉक्सरच्या जखमा सांभाळणारा कट-मॅन जखमेत अ‍ॅड्रेनालिन लावलेली काडी दाबून धरतो, वर व्हॅसलिन फासतो, सुजलेल्या डोळ्याखाली बर्फात गार केलेला धातूचा तुकडा टेकवतो. ट्रेनर दोन्ही हातांनी बॉक्सरचं तोंड धरून काहीतरी सांगतो. तेव्हा बॉक्सर ज्या नजरेने पाहतो ती नजर लढतीत कधीच दिसत नाही. मारताना प्रत्येक चेहरा कठोर असतो. स्टुलावर बसल्यावर कोण थकलंय, कोणाला घरची आठवण येतेय, कोण अजून जिंकणार आहे, ते उघडं पडतं.

मी ज्या हॉलमध्ये सर्वांत जास्त काम करतो तो पूर्व लंडनमधला, बेथनल ग्रीनचा यॉर्क हॉल. १९२९ साली सार्वजनिक स्नानगृहाची इमारत म्हणून तो उघडला, आणि आज ब्रिटिश बॉक्सिंगचं घर म्हणून ओळखला जातो. साधारण बाराशे माणसं मावतात. बाल्कनी रिंगच्या इतकी जवळ आहे की वरच्यांचे शब्द स्पष्ट ऐकू येतात. इथल्या रात्री टीव्हीवरच्या लढतींसारख्या नसतात. बहुतेक लढती चार किंवा सहा फेऱ्यांच्या. घरचा बॉक्सर स्वतः तिकिटं विकतो, त्याचे मित्र, काका, शाळेतले सोबती हॉल भरतात. समोर येतो तो बाहेरगावचा, अनुभवी, बहुतेक वेळा गुणांवर हरणारा बॉक्सर. त्याला इथे जर्नीमन म्हणतात. पीटर बकली नावाचा बर्मिंगहॅमचा बॉक्सर ३०० प्रो लढती लढला आणि २५६ हरला. ३०० वी लढत, २००८ सालची, जिंकून तो थांबला. हा आकडा काही लोक हसून सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काहीच दिसत नाही. या माणसांशिवाय नवा बॉक्सर काही शिकणारच नाही. कमी मार खाऊन, समोरच्याला बरोबर तेवढंच शिकवून, पुढच्या शनिवारी पुन्हा लढायला तंदुरुस्त राहणं ही मोठी कला आहे, आणि ती लेन्समधून फार सुंदर दिसते: इंचभर मागे नेलेलं डोकं, खांद्यावर झेललेला उजवा, दोराला टेकून घेतलेला श्वास.

एकदा लढत संपल्यावर असा एक बॉक्सर, हरलेला, हातांवरची टेप कापून घेता घेता मला म्हणाला, "मी मारतानाचा एखादा आहे का? मुलीला दाखवायचाय." लढती भरवणाऱ्या प्रमोटरला जिंकणाऱ्याचे फोटो हवे असतात, त्यामुळे हरणाऱ्याचे फोटो सहसा कोणी निवडतच नाही. तेव्हापासून प्रत्येक लढतीत दोघांचेही मारतानाचे चांगले फोटो मिळाल्याशिवाय मी त्या लढतीचं काम झालं असं मानत नाही.

इथली एक व्यवहाराची गोष्ट. ब्रिटनमध्ये छोट्या लढतींना तीन जज नसतात, रेफरी एकटाच गुण देतो. शेवटची घंटा झाली की निकाल फार लांबत नाही, रेफरी थेट विजेत्याचा हात वर करतो. मेमरी कार्ड बदलण्यात गुंतलेला फोटोग्राफर तिथे हुकतो. मोठ्या किताबाच्या लढतीत जजचे कागद गोळा होतात, तेवढी उसंत मिळते.

आता अवघड भाग. बॉक्सिंगमध्ये माणसं गंभीर जखमी होतात, मरतातही. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा किम डुक-कू कोसळला आणि काही दिवसांनी गेला. त्यानंतर किताबाच्या लढती १५ फेऱ्यांवरून १२ वर आल्या. २१ सप्टेंबर १९९१ ला लंडनमध्येच क्रिस युबँकशी लढलेल्या मायकल वॉटसनच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्याला रिंगजवळ वेळेत उपचार मिळाले नाहीत. त्याने ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डावर खटला भरला आणि जिंकला. इथे रिंगजवळच्या वैद्यकीय व्यवस्थेची जबाबदारी त्या निकालाने पक्की केली. वॉटसन जगला. २००३ मध्ये त्याने लंडन मॅरेथॉनचं अंतर सहा दिवसांत चालून पूर्ण केलं. या सगळ्याचा तुमच्या कामाशी थेट संबंध आहे. डॉक्टर आत शिरतात ती वाट बहुतेक वेळा फोटोग्राफरच्या बाजूने जाते. तुमची बॅग, तुमचं स्टूल, लॅपटॉपची वायर त्या वाटेत नको. पडलेला माणूस उठत नसेल तर मी आधी जागा मोकळी करतो. बॉक्सर पडल्याचा फोटो काढणं चूक आहे असं मी म्हणत नाही. तो खेळाचा भाग आहे आणि लपवला तर आपण बॉक्सिंगबद्दल खोटं बोलू. पण स्ट्रेचर आलं की फोटो पाठवणं थांबवतो, आणि तो शुद्धीवर आहे, बोलतोय, हे कळेपर्यंत काहीही बाहेर जाऊ देत नाही. फोन करणाऱ्या संपादकाला हेच उत्तर देतो. त्यामुळे कामं गेली तरी चालतील.

पैशांबद्दल थोडक्यात: छोट्या हॉलमध्ये पैसे कमीच. लग्नं किंवा दुसरं काही काम जोडीला ठेवावं लागतं. मीही ठेवतो.

भारतात सुरुवात कुठून करायची? प्रो लढती होतात, पण नियमित नाहीत. ५ ऑगस्ट २०१७ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये विजेंदर सिंगने चीनच्या झुल्पिकार मैमैतिआलीला दहा फेऱ्यांत गुणांवर हरवलं. १९ मार्च २०२१ ला पणजीत, मांडवीतल्या मॅजेस्टिक प्राइड या कॅसिनो जहाजावर रशियाच्या आर्तिश लोप्सानने त्याला पाचव्या फेरीत हरवलं. विजेंदरचा तो पहिला प्रो पराभव. अशा मोठ्या रात्रींची वाट पाहत बसलात तर हात बसणार नाही. पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये दर्जेदार बॉक्सर तयार होतात, आणि राज्यात हौशी स्पर्धा होत असतात. तिथे परवानगी काढून बसा. हौशी लढत तीन फेऱ्यांचीच असते, पण एका दिवसात भरपूर लढती होतात, आणि टाच उचललेली ओळखायची नजर तिथेच तयार होते. कुस्तीमुळे तुम्हाला वजन कुठल्या पायावर आहे ते वाचता येतच असणार. त्या जोरावर तुम्ही कॅमेरा घेऊन नव्याने येणाऱ्या कुणापेक्षाही पुढे आहात, हे मी मनापासून सांगतो.

पहिलं पैशांचं काम मिळालं की करार वाचा. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा असतो. ब्रिटनमध्ये उलट आहे, तुम्ही नोकरीत नसाल तर मालकी तुमची. म्हणून भारतात दोन गोष्टी आधीच लिहून घ्या: फोटो स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवण्याचा हक्क, आणि दोन्ही बॉक्सरना त्यांचे फोटो फुकट देण्याचा हक्क.