अमेरिकेतल्या छोट्या पॉटकेट शहराचा बेसबॉल संघ एवढा प्रसिद्ध कशामुळे?

१९८१ च्या एका सामन्यामुळे. ऱ्होड आयलंडमधलं हे गिरण्यांचं गाव. इथला रेड सॉक्स संघ बॉस्टनच्या मोठ्या संघासाठी खेळाडू घडवायचा. १८ एप्रिलच्या रात्री रॉचेस्टरविरुद्धची बरोबरी काही केल्या सुटेना, पहाटे चारपर्यंत, एरवीच्या नऊऐवजी, ३२ डाव झाले. थंडी इतकी की खेळाडूंनी मोडक्या बॅटी पिंपात जाळून हात शेकले! शेवटपर्यंत थांबले १९ प्रेक्षक. २३ जूनला ३३वा डाव १८ मिनिटांत आटोपला आणि पॉटकेट ३-२ ने जिंकलं. पुढे दिग्गज ठरलेले वेड बॉग्ज आणि कॅल रिपकेन, दोघंही त्यात खेळले.

पण माझ्या मते खरं श्रेय बेन मॉन्डोर यांचं. दिवाळखोरीत निघालेला हा संघ त्यांनी १९७७ मध्ये घेतला, म्हणून तर तो टिकला. २०२१ मध्ये मात्र संघ वुस्टरला गेला.