ॲप बरोबर होतं, तिथी चुकली

तुमची पोस्ट वाचली आणि बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. दोन मुलं, सात आणि दहा वर्षांची, ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांतल्या डबक्यांमधले समुद्रजीव बघायचे होते. रविवार. ॲपवर 'ओहोटी 12.10'. ठाण्याहून तीन तास गाडी हाकून गेलात आणि खडक अर्धे पाण्यातच. त्यावर धाकट्याचं वाक्य: "बाबा, समुद्राला सांगितलं नव्हतं का आपण येणार ते?" आमच्याकडे अगदी हेच झालं होतं, फक्त आमच्या मुलाने समुद्राऐवजी मला दोष दिला.

ॲप बदलू नका, त्याची चूक नाही. रविवारी दुपारी बाराला ओहोटी म्हणजे ती अष्टमीच्या आसपासची, हे कॅलेंडर न बघता सांगतो. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तितक्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला सुकती, म्हणजे ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, म्हणून सुकती सकाळ-संध्याकाळी सहाच्या. वेळ थोडी इकडेतिकडे होते, पण आमच्या मुलाने महिनाभर वहीत ॲपची वेळ आणि पाऊणकीची (पाऊणच्या पाढ्याची) वेळ शेजारी शेजारी लिहिली तेव्हा आजोबांचं गणित त्याला पटलं. पाऊणकी त्याला शाळेत कोणी शिकवली नव्हती.

अडचण अशी की सोयीची दुपारची ओहोटी ही नेमकी भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची असते. सूर्य आणि चंद्र काटकोनात, दोघांची ओढ एकमेकांना मारते, पाणी धड चढत नाही आणि धड उतरत नाही. मुंबईच्या बाजूला अष्टमीच्या ओहोटीत पाणी दीड-दोन मीटरवर थांबतं. मोठ्या उधाणाच्या दिवसांत (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास) तेच अर्ध्या मीटरच्या खाली जातं, आणि तुमच्या मुलांना जे बघायचंय ते सगळं त्या मधल्या पट्ट्यात राहतं. तेव्हा वेळेच्या शेजारी मीटरमध्ये जो आकडा असतो तो आधी बघा. दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात, कमी आकड्याची निवडा.

टोपी, पाणी, खाऊ, जुने बूट वगैरे इतर सदस्य सांगतीलच, मी त्यात पडत नाही. मला बोलायचंय ते उधाणाच्या ओहोटीबद्दल, कारण माझा वरचा सल्ला ऐकून तुम्ही नाताळच्या सुट्टीत अमावास्या गाठाल आणि मी केली तीच चूक कराल.

26 डिसेंबर 2019. सकाळी सूर्यग्रहण होतं. दक्षिणेत कंकणाकृती, आपल्याकडे खंडग्रास. रायगडातल्या एका गावात उतरलो होतो (नाव देत नाही, तिथे आधीच गर्दी झालीय). ग्रहणाचे चष्मे लावून मुलांनी सूर्य बघितला, मी संत्रं आणि लिंबू घेऊन सूर्य-चंद्र-पृथ्वी एका रेषेत कशी येतात ते दाखवलं, आणि फुशारकीने सांगितलं की याच रेषेमुळे आज संध्याकाळी समुद्र लांबवर मागे जाणार. गेलाही. सहाच्या सुमाराला ओहोटी होती, आम्ही पावणेसहाला किनाऱ्यावर. वेळेवर पोचलो म्हणून मी खूश.

हीच ती चूक. ओहोटीच्या वेळेला पोचणं म्हणजे उशिरा पोचणं. पाणी उतरत असताना त्याच्या मागे मागे जायचं असतं, दीड-दोन तास आधी, आणि ओहोटीच्या वेळेला परतीची वाट धरायची असते. आम्ही नेमकं उलटं केलं. सव्वासहाला कातळाच्या टोकाला, सूर्य बुडालेला, आणि तिथे मुलीला डबक्यात एक दगड 'हललेला' दिसला. बॅटरी मारली तर ऑक्टोपस, जेमतेम वीतभर. बघता बघता तपकिरीचा पांढुरका झाला आणि एका फटीत स्वतःला ओतावं तसा शिरला. त्यानंतर कोण परत फिरतंय! समुद्रफुलं, शंखात राहणारे खेकडे, झोअँथिडची (खडकाला चिकटून समूहाने राहणाऱ्या, प्रवाळांच्या नात्यातल्या जिवांची) हिरवी चादर. सात कधी वाजले कळलं नाही.

आमच्यापासून थोड्या अंतरावर एक आजी कालवं काढत होत्या, त्या साडेसहालाच उठून गेल्या होत्या. तेव्हाच कळायला हवं होतं. त्यांनीच किनाऱ्यावरून हाक मारली, "ओ दादा, म्होरं काय बगतस, मागं बग! पानी भरलाय!"

मागे बघितलं तर काळोख. पाणी समोरून लाटांनी येईल अशी माझी समजूत. ते कातळ आणि वाळू यांच्यामधल्या चरातून, मागून, आवाज न करता भरलं होतं. येताना घोट्याएवढं असलेलं माझ्या मांडीपर्यंत आलं होतं. सहा वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेतलं, मुलगा बायकोच्या हाताला. चंद्र नव्हता. सकाळी तो सूर्यासमोर होता, म्हणजे संध्याकाळी सूर्याबरोबरच मावळणार, हे मी त्याच दिवशी लिंबू हातात धरून शिकवलं होतं! चरात पाय घसरला, पोटरी कालवांच्या कडेवर कापली, सात टाके. फोन गेला. त्याचं काही नाही. मुलगी त्यानंतर दीड वर्ष पाण्यात पाय घालेना, बादलीभर पाण्यात बॅटरीचा उजेड पडला तरी रडायची. ते मला सगळ्यात महाग पडलं.

भरती सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. ढोबळ हिशोब बाराव्या भागांचा आहे: पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. उधाणात चढ-उताराचा फरक चार मीटर धरला तर पहिल्या तासात फूटभर, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट, आणि तिसऱ्या एका तासात मीटरभर. पहिला तास गाफील ठेवतो. (मी अभियंता नाही, बँकेत आहे. वारा असेल, किनारा वेगळा असेल तर हे आकडे बदलतात. गावातल्या माणसाचं आधी ऐका, माझं नंतर.)

आता थोडं रडगाणं. त्या दिवशी दुपारी मी विचारायला गेलो होतो हो! धक्क्याजवळ एक कार्यालय आहे, बाहेर फळा, त्यावर खडूने भरतीच्या वेळा. फक्त भरतीच्या, आणि तारीख आठवड्यापूर्वीची. आत विचारलं की संध्याकाळी कातळावर मुलांना न्यायचंय, किती वाजेपर्यंत थांबणं सुरक्षित आहे. उत्तर: "हे होड्यांसाठी आहे, पर्यटकांसाठी नाही." मग पर्यटकांसाठी कुठे? दुसरं कार्यालय, चार किलोमीटर. तिथले गृहस्थ म्हणाले, सोमवारी अर्ज घेऊन या. कशाचा अर्ज, तर ते त्यांनाही सांगता येईना. फळ्यावरच्या नंबरवर फोन केला, वाजून वाजून बंद. शेवटी जे सांगायला हवं होतं ते, न विचारता, कालवं काढणाऱ्या आजींनी सांगितलं. म्हणून माझं ठाम मत: गावात पोचलात की कार्यालय शोधू नका, कोळीवाड्यात जाऊन चहा प्या. आणि आजी उठल्या की तुम्ही उठा.

आमच्याकडे आता नियम आहे की एक मोठा माणूस डबक्यात बघतच नाही. तो पाठ समुद्राकडे करून वाळूकडची वाट बघत उभा राहतो, वीस मिनिटांनी पाळी बदलते. कंटाळवाणं काम आहे, मुलगा त्याला 'वॉचमन ड्युटी' म्हणतो. शिवाय फक्त सकाळची ओहोटी. काहींना हे अति वाटेल, वाटू दे. पहिल्या वेळी एकटे जाऊच नका असंही सुचवेन. मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या गटाच्या किनारफेऱ्या 2017 पासून होतात, त्यात मुलांसकट एकदा फिरून या.

शाळेच्या प्रकल्पासाठी शंख गोळा करू का, असं विचारलंय. माझं उत्तर नाही, आणि कारण मुलांना तिथेच दाखवा: रिकामा वाटणारा शंख ओल्या वाळूवर ठेवून दोन मिनिटं गप्प बसा. एखाद्यातून तरी पाय बाहेर येतात. खेकड्याला वाढताना मोठं घर लागतं आणि आपण ती घरं दिवाणखान्यातल्या काचेच्या बरणीत भरतो. प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्री घोडे आणि काही शंख तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, किनाऱ्यावर मेलेले पडलेले दिसले तरी हात लावू नका. फोटो काढा, 'आयनॅचरलिस्ट' या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाका, नाव कोणीतरी सांगतं. आमच्या घरात "मला माहीत नाही, टाकून बघू" हे वाक्य त्यामुळे रुळलं. त्याआधी मी प्रत्येक गोष्टीला काहीतरी ठोकून द्यायचो.

अवांतर: शंकूसारखा सुंदर नक्षीचा शंख जिवंत असेल तर आतली गोगलगाय विषारी काटा मारू शकते. वाळूच्या उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, फरपटत चाला, म्हणजे पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) असेल तर निघून जाईल. 2013 च्या गणपतीत गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला आलेल्यांना पाकटांनी डंख मारले होते, आठवत असेल. डंख झालाच तर पाय सहन होईल इतक्या गरम पाण्यात धरायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. मी डॉक्टर नाही.

आणि हो, बूट तळाला जाड घ्या. सँडल नको, कालवांची धार बाजूने लागते.

मुलीचं विचारलं नाहीत, पण सांगतो. ती आता बारा वर्षांची आहे. गेल्या माघात आम्ही पुन्हा त्याच कातळावर गेलो, सकाळच्या ओहोटीला. ती डबक्याजवळ आलीच नाही. अख्खा वेळ तिने वॉचमन ड्युटी केली, आणि ओहोटीला दहा मिनिटं असतानाच आम्हाला हाकललं.