ड्युअल बूट केल्याने विंडोज किंवा डेटा उडतो का?

नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, कॉलेजसाठी उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) हवंय, आणि ओळखीतल्या एकाने 'दोन सिस्टम टाकल्या की डेटा उडतो' म्हणून घाबरवलंय. तर टाकावं का आणि जागा किती द्यावी, असं तुम्ही विचारलंय.

खुशाल टाका. ड्युअल बूटने, म्हणजे एकाच मशीनवर दोन सिस्टम ठेवल्याने, डेटा उडत नाही, घाबरून फॉरमॅट मारल्याने उडतो. आमच्या घरात २०१६ साली नेमकं हेच झालं आणि त्याचं खापर आजवर लिनक्सवर फोडलं जातंय, म्हणून सविस्तर लिहितो.

बाबांचं तालुक्याच्या गावी डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, यात्रेच्या कार्यक्रमपत्रिका, दहाव्याचे कार्ड. जुन्या मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर मशीनच्या मागे डोंगल (सॉफ्टवेअरची किल्ली असलेलं छोटं यंत्र) लावल्याशिवाय उघडायचं नाही आणि ते फक्त विंडोजवर चालायचं, त्यामुळे विंडोज काढणं शक्यच नव्हतं. मी डिप्लोमाला होतो. बाबांना विचारून त्याच मशीनवर शेवटच्या ४० जीबीत उबुंटू टाकलं. आठ महिने दोन्ही सिस्टम सुरळीत चालल्या.

मग तुळशीच्या लग्नानंतरची गर्दी सुरू झाली. डी ड्राइव्ह भरला म्हणून दुकानातल्या मुलाने रिकामा पडलेला ई ड्राइव्ह काढून ती जागा डीला जोडली. काम बरोबरच केलं त्याने. पण जुन्या एमबीआर पद्धतीच्या (डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची जुनी रीत) डिस्कवर मधला असा भाग, म्हणजे लॉजिकल पार्टिशन, काढला की पुढच्यांचे नंबर सरकतात. उबुंटू सात नंबरवर होतं ते सहावर आलं. ग्रब म्हणजे मशीन चालू होताच सिस्टम सुरू करून देणारा लिनक्सचा प्रोग्राम. त्याचा छोटासा तुकडा डिस्कच्या अगदी सुरुवातीला बसतो आणि बाकीचा ग्रब उबुंटूच्या पार्टिशनमधून उचलतो. तो सात नंबर शोधत राहिला. सकाळी बाबांनी मशीन चालू केलं तर काळी स्क्रीन, वर दोनच ओळी: नो सच पार्टिशन, आणि खाली ग्रब रेस्क्यू. पुढे कर्सर लुकलुकतोय.

विंडोज जागेवर होतं, डी ड्राइव्ह जागेवर होता, एकही फाइल हललेली नव्हती. ग्रबला नवा नंबर सांगायचा, एवढंच चार ओळींचं काम. मी फोनवरून सांगितलं असतं. पण माझा पेपर होता, फोन बंद. दाजी मदतीला धावले, सीपीयू मोटरसायकलवर बांधून दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने ती स्क्रीन बघितली, 'हार्ड डिस्क करप्ट आहे' म्हणाला, सगळी पार्टिशन उडवली आणि नवीन विंडोज टाकून दिलं. सायंकाळी मशीन चकाचक परत आलं. डी ड्राइव्ह रिकामा.

नऊ वर्षांचं काम गेलं. मी दोन रात्री फोटोरेक (पुसलेल्या फाइल शोधून काढणारं सॉफ्टवेअर) चालवून बऱ्याच कोरलच्या, म्हणजे पत्रिकांच्या डिझाइनच्या, फाइल परत काढल्या, पण फोटोरेक नावं परत देत नाही. एफ आणि पुढे नुसते आकडे, अशा शेकडो फाइल. बाबा रोज दुकान बंद केल्यावर एकेक उघडून त्यांना नाव द्यायचे. पत्रिकेवरचा त्यांनी स्वतः काढलेला गणपती त्यात सापडलाच नाही. शेवटी एक जुनी छापील पत्रिका स्कॅन केली आणि सोंडेपासून सुरुवात करून तो पुन्हा बिंदू-बिंदू ट्रेस केला.

दाजी अजून म्हणतात, 'तुझ्या लिनक्समुळे झालं.' दाजी, तुमची धावपळ मी विसरलेलो नाही, पण लिनक्सने एक बाइटही पुसलेला नाही. मशीन सुरू होत नाही आणि डेटा गेला, या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. हे ज्याला कळत नाही त्याच्या हातात मशीन देऊ नये.

आता तुमचं. तुमच्या लॅपटॉपवर यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) असणार, त्यामुळे नंबर सरकण्याची ही भानगड सहसा येणार नाही. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप, मात्र नक्की तपासा. हल्ली नव्या मशीनवर तो न विचारता चालू असतो, आणि सिक्युअर बूटला (अनोळखी सिस्टम सुरू होऊ न देणारी सेटिंग) हात लावला की ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती आधी कागदावर उतरवून घ्या. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सेटिंग) बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंदच होत नाही आणि त्याची पार्टिशन उबुंटूत नीट लिहिता येत नाहीत. जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून कमी करा. उबुंटू २५ जीबीत बसतं, पण कॉलेजच्या कामाला ८० तरी द्या. आणि इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' हा सगळी डिस्क पुसणारा पर्याय चुकूनही निवडायचा नाही.

नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. बिघाड नाही तो. उबुंटू मशीनच्या घड्याळात यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक) वेळ ठेवतं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. उबुंटूला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की मिटतं.

एक राहिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर ड्युअल बूटवाल्या कित्येकांचं लिनक्स सुरू होईना, म्हणजे कटकट कधीच होत नाही असं मी म्हणत नाही. आणि बॅकअप. तो २०१६ साली आमच्याकडे नव्हता, मीही घेतला नव्हता. दाजी दर वेळी हे ऐकवतात आणि एवढं त्यांचं खरं आहे. पार्टिशनला हात लावण्याआधी सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या.

काळी स्क्रीन आलीच तर मोबाइलने फोटो काढून मला पाठवा. उत्तर येईपर्यंत लॅपटॉप कुणाकडे नेऊ नका.