जखमीला उचललं तर पोलीस मागे लागतात का?

तुम्ही विचारलंय की रस्त्यावरच्या जखमीला दवाखान्यात नेलं तर पोलिसांचं लचांड मागे लागतं का, आणि नव्या कायद्याने काही फरक पडलाय का. सातारा-कराडच्या मधे उंब्रजजवळ हायवेला आमचं टायरचं दुकान आहे. दोन्ही दिवस बघितलेत.

२०१२ साली एका दुचाकीवाल्याला मी टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. तिथे पहिला प्रश्न, "तुमच्याच गाडीनं उडवलं का?" शर्टावरचं रक्त वाळलं, तरी मी रात्री साडेअकरापर्यंत बाकड्यावर बसून. पुढे जबाब, मग कोर्टाच्या तारखा. दर तारखेला दुकान बंद. अण्णा म्हणाले, "परत हात लावायचा नाही." पुढच्या पावसाळ्यात समोरच एका म्हाताऱ्या बाबांना गाडीनं उडवलं, तर मी शटरपाशीच उभा राहिलो. फोन केला, पण जवळ गेलो नाही. त्यांची एक चप्पल दुभाजकापाशी दोन दिवस पडून होती. अजून आठवली की झोप येत नाही.

आता नियम स्पष्ट आहेत. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं आणि २०२० मध्ये त्याचे नियम. नाव, पत्ता, फोन द्यायची सक्ती नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, तुमची मर्जी. झालात तर जबाब एकदाच घ्यायचा. चांगल्या हेतूने मदत करूनही जखमी दगावला, तरी खटला तुमच्यावर नाही. (धडक तुमच्याच गाडीची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे जखमीला उपचार मिळवून देणं हे कायद्यानेच तुमचं कर्तव्य आहे.)

तरी नुसत्या कायद्याने लोक पुढे येत नाहीत, असं माझं मत. गर्दीतल्या एकाने "काही होत नाही, उचला" म्हटलं की येतात. गेल्या वर्षी मी स्कूटीवरच्या एका मुलीला नेलं. काउंटरवर नाव विचारलं, मी "सक्ती नाही" म्हणालो. क्लार्क अडला, नियम मोबाइलवर दाखवावा लागला. वीस मिनिटांत मी बाहेर. हे शेजारच्या ढाब्यावरच्या पोरांना सांगितलं. पुढच्या अपघाताला ती पोरं माझ्याआधी मदतीला धावली.

१०८ ला फोन करताना अपघात साताऱ्याकडच्या लेनला आहे की कराडकडच्या, हे आधी सांगा. दुभाजकामुळे ॲम्ब्युलन्सला लांबून वळून यावं लागतं.